उसाचा रस, उजेड आणि आपली प्रयोगशाळा



दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. फलक लेखन होते, दोन-तीन भाषणे होतात, सर सी. व्ही. रामन यांच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि दुसऱ्या दिवशी शाळा नेहमीसारखी सुरू होते. यात काही गैर आहे असे नाही. परंतु रामन यांनी त्या दिवशी, म्हणजे १९२८ साली, नेमके काय जाहीर केले असे विचारले तर बहुतेक मुले पाठ केलेले एक वाक्य सांगतात. मला असे वाटते की या विषयाची खरी प्रयोगशाळा आपल्या गावाच्या चारही बाजूंना उभी आहे, आणि ती आपण मुलांना दाखवत नाही. ही प्रयोगशाळा म्हणजे आपल्या भीमाकाठचा ऊस.

रामन यांनी केलेले काम म्हणजे प्रकाश आणि द्रव यांची गाठ घालून देणे. १९२१ साली युरोपहून जहाजाने परतताना समुद्राच्या निळाईचे कारण त्यांना सतावू लागले. पाणी आकाशाचे प्रतिबिंब दाखवते म्हणून निळे, हे उत्तर त्यांना पटले नाही. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी दाखवले. पुढे कोलकात्यात के. एस. कृष्णन यांच्यासोबत अनेक शुद्ध द्रवांतून प्रकाश सोडून त्यांनी पाहिले, की बाहेर पडणाऱ्या प्रकाशात थोडासा भाग वेगळ्या रंगाचा असतो, आणि तो बदल त्या त्या द्रवाच्या रेणूंवर अवलंबून असतो. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९३३ पासून ते आपल्याच राज्यात, बेंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. प्रकाशाला विचारा, तो द्रवाची माहिती सांगेल. त्यांच्या कामाचा सोपा अर्थ मी मुलांना असा सांगतो.

आता आपल्या पुस्तकांकडे पाहा. प्रकाश एका धड्यात येतो. तिथे आरसा, भिंग, पाण्याच्या पेल्यात वाकडी दिसणारी पेन्सिल असते. द्रवाचा दाब, तरंगणे, घनता हे दुसऱ्या धड्यात, कधी दुसऱ्या इयत्तेत येते. या दोन धड्यांची भेट कुठेच होत नाही. मुलगा दोन्ही धड्यांची उत्तरे लिहितो, गुण मिळवतो, परंतु या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय घडते हे त्याला कळत नाही.

माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे पाणी, तेल, हवा अशा वाहणाऱ्या सर्व पदार्थांना 'तरल' म्हणत. मराठी शाळेत आलो तेव्हा कळले की मराठीत 'तरल' म्हटले की कवितेची आठवण होते, आणि विज्ञानात त्यासाठी 'द्रायू' हा शब्द आहे. द्रव आणि वायू या दोघांना मिळून द्रायू. मला हा शब्द फार आवडला. ज्या भाषेने दोन गोष्टी जोडून एवढा नेटका शब्द केला, त्या भाषेत शिकणाऱ्या मुलांना दोन धडे जोडून शिकवायला काय हरकत आहे?

उसाचेच उदाहरण घेऊ. तोडणीच्या आधी ऊस पिकला की नाही हे पाहायला कारखान्याचा शेतकी विभागाचा माणूस फडात येतो. त्याच्या खिशात वीतभर लांबीची एक नळी असते. पेराला टोचून तो रसाचा थेंब काढतो, नळीच्या टोकावरील काचेवर ठेवतो, वरची पट्टी लावतो आणि नळी उजेडाकडे धरून एका डोळ्याने पाहतो. मग "एकोणीस आहे" किंवा "सोळाच आहे, थांबा" असे सांगून निघून जातो. त्या नळीला रिफ्रॅक्टोमीटर म्हणतात, आणि तो आकडा म्हणजे ब्रिक्स. १०० ग्रॅम रसात विरघळलेला भाग साधारण किती ग्रॅम आहे, हे तो आकडा सांगतो. एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ अडोल्फ ब्रिक्स यांच्या नावावरून हे नाव आले.

या नळीत ना बॅटरी आहे, ना तार. एक काचेचा लोलक, दोन-तीन भिंगे आणि एक पट्टी. पाण्याच्या पेल्यात पेन्सिल वाकडी दिसते ना, तेच तत्त्व इथे आहे. प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना वाकतो आणि किती वाकायचे हे माध्यमावर ठरते. शुद्ध पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३३ आहे. त्यात २० टक्के साखर विरघळली की तो सुमारे १.३६४ होतो. फरक फक्त तीन शतांशांचा. पण तेवढ्याने लोलकातील उजेडाची हद्द सरकते. नळीतून पाहिले की वर एक रंग आणि खाली दुसरा दिसतो, आणि मधली रेघ ज्या आकड्यावर असते तो ब्रिक्स. एका थेंबातील गोडी मोजण्याचे काम त्या उजेडाने केले. जर्मनीत येना येथे एर्न्स्ट आबे यांनी १८७४ साली अशा यंत्राची सविस्तर माहिती छापली होती. दीडशे वर्षे जुनी युक्ती, आणि आपल्या फडात ती अजून रोज कामाला येते.

पण कारखान्याच्या प्रयोगशाळेत याच्याही पुढची पायरी असते. ब्रिक्समध्ये रसात विरघळलेले सगळेच येते. साखर येते, क्षार येतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही येतात. साखर होऊन पोत्यात भरता येईल असा भाग म्हणजे फक्त सुक्रोज. तो वेगळा कसा ओळखायचा? तिथेही प्रकाशच मदतीला येतो. फ्रान्समधील बियो या शास्त्रज्ञाने १८१५ साली दाखवले की साखरेच्या द्रावणातून एकाच दिशेने कंप पावणारा, म्हणजे ध्रुवीकृत प्रकाश सोडला, तर त्याची कंपनदिशा उजवीकडे फिरते. साखर जास्त, तर फिरणे जास्त. यावर चालणाऱ्या यंत्राला पोलॅरिमीटर म्हणतात आणि त्यावरून निघणाऱ्या आकड्याला 'पोल'. पोलला ब्रिक्सने भागून शंभराने गुणले की रसाची शुद्धता मिळते.

यातून एक मोठी गोष्ट कळते. तोडलेला ऊस दोन-चार दिवस उन्हात पडून राहिला, की त्यातील सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. या मिश्रणातून गेलेला प्रकाश उजवीकडे न फिरता डावीकडे फिरू लागतो. म्हणून रसायनशास्त्रात या मिश्रणाला उलटलेली साखर, म्हणजे 'इन्व्हर्ट' साखर म्हणतात. मजेची गोष्ट अशी, की अशा उसाचा ब्रिक्स कमी होत नाही. पाणी उडून गेल्याने तो उलट वाढलेला दिसू शकतो. म्हणजे नळीत पाहणारा शेतकरी म्हणेल, माझा ऊस गोड आहे. आणि प्रयोगशाळा म्हणेल, यात साखर कमी आहे. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. ज्याला हे शास्त्र माहीत नाही, त्याला मात्र वाटते की आपल्याला फसवले.

आता हा प्रश्न पैशाचा कसा आहे ते पाहू. केंद्र सरकार दरवर्षी उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, जाहीर करते. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरला. उतारा त्याच्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलला ३.४६ रुपये जास्त, आणि घटला की तेवढेच कमी. मात्र उतारा ९.५ टक्के किंवा त्याहून कमी असला तरी दर ३२९.०५ रुपयांच्या खाली जात नाही. हा उतारा एका शेतकऱ्याचा नसून संपूर्ण कारखान्याच्या सरासरीचा असतो, हेही लक्षात ठेवावे.

आठवीच्या मुलांनी इथे पेन्सिल घ्यावी. एका टनात दहा क्विंटल, म्हणून ०.१ टक्क्याचा फरक टनाला ३४ रुपये ६० पैसे. एकरी ४० टन ऊस झाला तर एका एकरात १,३८४ रुपये. दशांश चिन्हाच्या उजवीकडचा एक आकडा बदलला, तर घरात एवढी रक्कम येते किंवा जाते. गणिताच्या तासाला दशांश अपूर्णांकाचा कंटाळा करणाऱ्या मुलांनी हा हिशोब घरी जाऊन आप्पांना करून दाखवावा. ते नक्की कान देऊन ऐकतील.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगाव, बागलकोट, विजयपूर या भागांत उसाच्या दरासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले होते, हे आपण सर्वांनी वाचले, पाहिले. त्या चर्चेतही 'उतारा' हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. कोणाचे चूक, कोणाचे बरोबर, हे ठरवणे शाळेचे काम नाही. परंतु ज्या शब्दावर लाखो घरांचे उत्पन्न अवलंबून आहे, तो शब्द आपल्या दहावी पास मुलाला समजावून सांगता येऊ नये, ही गोष्ट मात्र शाळेच्या अखत्यारीतील आहे. शिवाय आता उसाचा रस, पाक किंवा मळीपूर्वीची घट्ट काकवी यांपासून इथेनॉलही करतात. तेव्हा पोत्यातली साखर कमी भरते आणि मूळ उतारा हिशोबाने काढावा लागतो. तो हिशोब प्रयोगशाळेतील आकड्यांवर उभा असतो. म्हणजे हे आकडे वाचता येणे पूर्वीपेक्षा आज अधिक गरजेचे झाले आहे.

काही पालक म्हणतील, "सर, मुलाला फडातून बाहेर काढायला शाळेत घातले, तुम्ही पुन्हा फडातच नेता?" हा प्रश्न मला रास्त वाटतो. म्हणूनच त्याचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, आपल्यापैकी अनेकांच्या घरी बोटाला लावायचे एक चिमट्यासारखे यंत्र आले होते. देशातील करोनाचा पहिला नोंदलेला मृत्यू मार्च २०२० मध्ये आपल्याच कलबुर्गीत झाला, त्यामुळे ती भीती आपल्या लोकांना जरा आधीच कळली. त्या यंत्राला पल्स ऑक्सिमीटर म्हणतात. ते बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडते, एक तांबडा आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. प्राणवायू घेतलेले रक्त आणि प्राणवायू नसलेले रक्त या दोन प्रकाशांना वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेते. नाडीच्या ठोक्याबरोबर कमी-जास्त होणारा भाग तेवढा वेगळा काढला, की रक्तातील प्राणवायूचा टक्का कळतो. जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास ही युक्ती शोधली. सुई नाही, रक्त काढणे नाही. वाहत्या द्रवातून प्रकाश सोडला आणि उत्तर मिळाले. फडातील नळी आणि बोटावरचे यंत्र ही एकाच घराण्यातील भावंडे आहेत.

याच घराण्यातील आणखी एक शाखा अलीकडे फार वाढली आहे. मोठ्या रुग्णालयांतील काही यंत्रांत रक्तातील पेशी एकामागून एक, रांगेत, लेझरच्या किरणासमोरून वाहत नेतात आणि पडणाऱ्या उजेडावरून त्या कोणत्या प्रकारच्या आहेत हे ओळखतात. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या छोट्याशा तुकड्यावर केसाएवढ्या बारीक नाल्या कोरून, त्यांतून द्रव वाहवत त्यावर प्रकाशाचे काम करायचे, या विद्येला 'ऑप्टोफ्लुइडिक्स' म्हणतात. २००६ साली डेमेट्री साल्टिस, स्टीफन क्वेक आणि चांगह्वे यांग या तीन शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात या विषयाचा आढावा लिहिला, आणि तेव्हापासून हे नाव सर्वत्र रुळले. काचेचे भिंग घासून त्याचा आकार बदलता येतो, पण एकदाच. द्रवाचे भिंग मात्र हवे तेव्हा फुगवता, चपटे करता येते. हा या विद्येचा एक मोठा फायदा. आपण मराठीत तिला 'प्रकाश-द्रायू तंत्र' म्हणू या.

तेव्हा पालकांना माझे उत्तर असे. मुलगा शेतात राहिला, तर हे ज्ञान त्याच्या उपयोगाचे. नर्स झाली, लॅब टेक्निशियन झाला, डॉक्टर किंवा इंजिनिअर झाली, तरी हेच ज्ञान उपयोगाचे. पुण्यात, हैदराबादला, बेंगळूरूला गेलेल्या मुलाला तिथे परके वाटू नये यासाठी त्याने आपले घर विसरायचे कारण नाही. घरातल्या वस्तूतूनच तो मोठ्या विज्ञानापर्यंत पोहोचू शकतो.

दुसरी शंका अशी, की अर्धवट ज्ञानाने वजनकाट्यावर भांडणे वाढतील. ही भीती खरी आहे, आणि म्हणूनच मी पुरे ज्ञान द्या म्हणतो. मुलांनी हे पक्के शिकले पाहिजे की नळीतला आकडा म्हणजे उतारा नव्हे. एकाच उसाच्या बुडख्याकडील पेरात गोडी जास्त आणि शेंड्याकडे कमी असते. दोन्हीकडचे आकडे जवळजवळ सारखे झाले, की ऊस पिकला असे मानतात. एका थेंबावरून फडाचा निकाल लावू नये, दहा ठिकाणचे थेंब घ्यावेत. तसेच ही यंत्रे २० अंश सेल्सिअस तापमानाला जुळवलेली असतात. आपल्याकडे हंगामाच्या शेवटी उन्हे तापतात, रस ३० अंशांवर जातो, आणि तेव्हा यंत्र सुमारे पाऊण ब्रिक्स कमी दाखवू शकते. काही यंत्रांत ही दुरुस्ती आपोआप होते, काहींत ती तक्त्यावरून करावी लागते. एवढ्या गोष्टी शिकलेले मूल भांडण लावणार नाही. ते भांडणाऱ्या दोघांना एका कागदावर आणील. मोजमापाला मर्यादा असतात आणि त्या आधी सांगायच्या असतात, हा विज्ञानातला सर्वात मोलाचा संस्कार आहे, आणि तो परीक्षेत विचारला जात नाही.

आता विश्वस्त मंडळींना माझी नम्र विनंती. हाताने वापरायचा साधा रिफ्रॅक्टोमीटर आज दोन-अडीच हजार रुपयांच्या आसपास मिळतो. असे चार नग घेतले तर एका वर्गाचे काम भागते. पोलॅरिमीटर महाग आहे, तो मी मागत नाही. त्याचे तत्त्व दाखवायला ध्रुवण पट्टीचे दोन तुकडे, एक बॅटरी आणि साखरेचा घट्ट पाक भरलेला काचेचा पेला पुरेसा होतो. एक पट्टी फिरवली की पाकातून येणाऱ्या उजेडाचे रंग बदलतात, आणि वर्गातील शेवटच्या बाकावरचा मुलगाही उठून पुढे येतो. एखाद्या समारंभातील मंडपाचा खर्च थोडा आवरला, तरी हे सर्व साहित्य येऊ शकते. हवळगा भागात कारखाना आहे, गळीत हंगामात तिथल्या प्रयोगशाळेची भेट मुलांना मिळावी म्हणून संस्थेच्या नावाने पत्र गेले तर बरे होईल. जमल्यास मोठ्या मुलांची एक सहल पुण्याजवळ मांजरीला, १९७५ साली ऊस उत्पादकांनी उभारलेल्या आणि आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने चालणाऱ्या संस्थेतही न्यावी.

पालकांना विनंती अशी, की मुलगा पेर मागायला आला तर त्याला रागावू नका. तोडणीच्या वेळी बुडख्याचा, मधला आणि शेंड्याचा असे तीन तुकडे द्या आणि तोडल्याची तारीख सांगा. तारखेला शास्त्रात फार किंमत आहे. गुऱ्हाळ असलेल्या घरांनी मुलांना चुलाणाजवळ सांभाळून उभे करावे आणि गुळव्याला बोलते करावे. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी पाहणारा, पाकाचा रंग आणि बुडबुडे पाहून काहील उतरवणारा माणूसही प्रकाशाने द्रव वाचत असतो. फक्त त्याचे यंत्र म्हणजे त्याचे डोळे.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी काम आहेच. ज्यांच्याकडे ऊस नाही, त्यांनी पाणी घ्यावे. पावसाळ्यात गाणगापूरच्या संगमावरचे, सोन्नच्या बंधाऱ्याचे, आपल्या नळाचे आणि विहिरीचे पाणी एकसारख्या काचेच्या बाटल्यांत भरा. पाणी भरायला मोठ्या माणसाला सोबत न्या, नदीत एकट्याने उतरू नका. अंधाऱ्या खोलीत प्रत्येक बाटलीतून बॅटरीचा झोत सोडा आणि बाजूने पाहा. गढूळ पाण्यात झोताची वाट स्पष्ट दिसेल, स्वच्छ पाण्यात जवळजवळ दिसणार नाही. पाण्याचा गढूळपणा मोजणारे यंत्र याच तत्त्वावर चालते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एककापर्यंत असावा, आणि दुसरी सोय नसेल तर ५ पर्यंत चालतो. मग एका बाटलीत तुरटी फिरवून पुन्हा पाहा. एक गोष्ट मात्र विसरू नका. स्वच्छ दिसणारे पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. क्षार आणि जंतू बॅटरीच्या झोतात दिसत नाहीत. प्रकाश बरेच सांगतो, सगळे सांगत नाही.

आपली अनेक घराणी पिढ्यान्‌पिढ्या या मातीत आहेत. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि माझ्यासारख्याच्या तोंडी अधूनमधून हिंदी. आपण 'ऊस' म्हणतो, शेजारी 'कब्बु' म्हणतो. आपला 'उजेड' तो त्यांचा 'बेळकु'. पण नळीत डोळा लावला की रेघ दोघांनाही एकाच आकड्यावर दिसते. म्हणून हा उपक्रम सुरू झाला, तर शेजारच्या कन्नड शाळेतील मुलांनाही आपण बोलवावे, असे मला वाटते.

पुढच्या विज्ञान दिनी रामन यांच्या प्रतिमेला हार तर घालूच. पण त्या दिवशी टेबलावर उसाच्या चार कांड्या, एक नळी आणि मुलांच्या हाताने भरलेला एक तक्ता असावा. तक्त्यात तारीख, पेर, तापमान आणि ब्रिक्स लिहिलेला असावा. तो तक्ता समजावून सांगायला शिक्षक नव्हे, सातवीतली एखादी मुलगी उभी असावी, आणि समोर तिचे आप्पा ऐकत असावेत. संस्थेने आणि पालकांनी एवढे मनावर घ्यावे, हीच अपेक्षा.

आपला,
मुख्याध्यापक